घोंगडं ओलं की कोरडं

पुण्याच्या मोठ्या इस्पितळाचं पत्र सोमवारी आलं आणि शाहूवाडीच्या डोंगरातल्या दोन खोल्यांच्या दवाखान्याचं मंगळवारी. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच नर्सिंग पास झाले होते आणि दोघांनाही शनिवारपर्यंत उत्तर टाकायचं होतं. पपा म्हणाले, प्रार्थना कर. पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना कर. मी दोन दिवस गुडघे दुखेपर्यंत प्रार्थना केली, पण देवाची इच्छा काही कळेना.

शेवटी मार्था मावशी वैतागली. ती शाळेत गणित शिकवायची. "पुणं तू बघितलंयस. ते गाव बघितलंयस का? मग देव तरी तुला काय सांगणार?" म्हणाली. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, आम्ही दोघी कोल्हापूर स्टँडवर. त्या बाजूला मी पन्हाळ्याच्या पलीकडे कधी गेलेच नव्हते, त्यामुळे मला इतका आनंद झाला होता की डबा घरीच विसरले.

माझ्या पिशवीत एक घोंगडं होतं. मावशीला मी सांगितलं थंडीसाठी, पण खरं कारण वेगळं होतं. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, एका माणसानं देवाकडे खूण मागितली होती. रात्री लोकर खळ्यावर ठेवली. सकाळी लोकर दवानं ओली आणि जमीन कोरडी निघाली, तेव्हा त्याला देवाचं म्हणणं पटलं. मीही तेच करणार होते. घोंगडं ओलं आणि जमीन कोरडी असली तर इथे राहायचं, नाहीतर पुणं.

आता तुम्ही गाडीनं भुर्रकन आंबा घाटात पोचता. तेव्हा लाल एसटी शिवाजी पूल ओलांडून केर्लीपर्यंत बरी जायची आणि वाघबिळाच्या वळणांवर धापा टाकायची. खिडकीची जागा सोडू नका, पन्हाळा किती तरी वेळ आपल्यासोबत चालतो. बांबवड्याला गाडी थांबली की गरम भजी घ्याच. पाच रुपयांत दोघींचं तिकीट, चहा, भजी सगळं भागलं असं मला आठवतं, मावशीला विचाराल तर ती वाद घालेल.

शेजारच्या बाकावरच्या फेटेवाल्यानं चौकशी केली. "कुठलं म्हनायचं पावणं?"

"कोल्हापूरच्याच," मावशी म्हणाली.

"मग हिकडं कुनाकडं?"

"ही देवाला विचारायला निघालीय."

"मग आंबेश्वराला उतरा की," तो सहज म्हणाला. मी हसू दाबत बाहेर बघत बसले.

मलकापूरला गाडी बदलली, फाट्यावर उतरलो आणि तासभर चाललो. भाताची कापणी जोरात होती. ओल्या पेंढ्यांचा तो वास मला इतका आवडला की मी उगाचच थांबून थांबून श्वास घेत होते. दवाखान्याला कुलूप होतं. आधीची सिस्टर जाऊन सहा महिने झाले होते आणि किल्ली शेजारच्या ताराक्कांकडे होती. त्यांनी आम्हाला घरातच उतरवून घेतलं. नव्या तांदळाचा भात आणि कुळथाची आमटी मी तीनदा वाढून घेतली. दिवेलागणीला ताराक्का म्हशीच्या धारेला गेल्या, तेवढ्यात मी खळ्यावर जाऊन घोंगडं पसरलं आणि प्रभूला अट सांगून टाकली.

उजाडताच धावत गेले तर घोंगडं जागेवर नाही. खळ्याच्या दुसऱ्या टोकाला बियाण्याच्या भाताचा ढीग होता, त्यावर ते नीट पांघरलेलं. मला रडूच फुटायचं बाकी होतं.

"ताराक्का, माझं घोंगडं का हलवलंत?"

"आवं, रिकामंच पडलंतं की. बियानं दहिवरात भिजलं तर पेरू काय? तुमाला थंडी वाजली व्हय?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मग काय, आज राती परत हातरा. म्या न्हाय हात लावत," म्हणाल्या. मला त्यांचा राग आला आणि त्या चुकीचं काही बोलत नव्हत्या याचाही राग आला.

मी ढिगाकडे वळले, तोच कुंपणापाशी एक बाई हाक मारू लागली. विळ्यानं तिचा तळवा कापला होता, चार दिवस झाले होते आणि जखमेत पू धरला होता. "नवी शिष्टर आलीया म्हनं. व्हय की न्हाय?" मी "हो" म्हणाले आणि ताराक्कांकडे किल्ली मागितली. चुलीवर मीठपाणी उकळलं. जखम धुतली, बांधली. ती जाते तोवर डोळे आलेलं पोर घेऊन एक आजोबा, मग सुजलेला पाय, मग कोणी नुसतंच बघायला. मावशी पाणी उकळत होती आणि शाळेत असल्यागत सगळ्यांना रांगेत उभं करत होती. मी इतकी खूश होते की मला भूकही लागली नाही.

दुपारी ऊन डोक्यावर आलं तेव्हा कुठे बसले. ताराक्कांनी भाकरी आणि ताक पुढ्यात ठेवलं. मावशीनं विचारलं, "मग? घोंगडं ओलं होतं का?"

मी बघितलंच नव्हतं.

शनिवारी घरी येऊन मी पुण्याला नकाराचं पत्र टाकलं. टाकताना जास्त भीती देवाची वाटली की पपांची, सांगता येणार नाही. डोंगरात मी अकरा वर्षं राहिले. रडलेही, तापानं फणफणलेही, आणि आपण चुकलो असं दर पावसाळ्यात वाटायचं. ज्यांना अशी स्पष्ट खूण मिळते त्यांचा मला अजून हेवा वाटतो.

पण तुमच्यापुढेही अशी दोन पत्रं असतील तर निदान एसटीत बसा आणि गाव बघून या. घोंगडं हवं तर न्या. माझं मी त्या बियाण्यावरच ठेवून आले. पेरणीला ताराक्कांनी मला शेतावर बोलावलं आणि ओंजळीत त्याच ढिगातलं बियाण्याचं भात दिलं. ते कोरडं होतं.