क्वाइट म्हणजे किती

आमच्या घरात तीन तऱ्हेचं इंग्लिश नांदायचं. एक बाबांचं. पुण्यात बँकेत हेडक्लार्क म्हणून त्यांची सगळी नोकरी ‘काइंडली डू द नीडफुल’ लिहिण्यात गेली होती. दुसरं माझं, इंग्लंडात मिल्टन कीन्समधल्या एका प्रायमरी शाळेच्या ऑफिसात बसून कमावलेलं. आणि तिसरं माझ्या धाकट्या भावाचं, न्यू जर्सीचं. आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले, तेव्हापासून दर रविवारी स्पीकरफोनवर ही तिन्ही इंग्लिशं एकमेकांच्या उरावर बसायची.

भाऊ अमेरिकेला गेला दोन हजार सालाच्या आगेमागे, आणि वर्षभरात त्याचं ‘वॉटर’चं ‘वॉडर’ झालं. ते मी खपवून घेतलं असतं. पण तो मला दुरुस्त करायला लागला. मी ‘फोर्टनाइट’ म्हटलं की, ‘ताई, सरळ टू वीक्स म्हण ना, तू काय राणीच्या दरबारात आहेस का?’ मी जात्याच तापट. मी म्हणायचे, ‘भाषा कोणाची आहे रे? आमची. तुम्ही तिचं काय डोंबल केलंय ते बघा आधी.’ आमची म्हणे! पुण्याच्या सदाशिव पेठेतली मी, आणि इंग्लिशवर हक्क सांगायची. बाबा सोफ्यावर पाय घेऊन बसायचे आणि पोटभर हसायचे.

एकदा मी शाळेतल्या एका बाईंच्या घराचं कौतुक करत होते. छोटंसं घर, शेगडीजवळ मांजर झोपलेलं, इतकं होमली वाटलं म्हणून सांगते. तिकडे भाऊ फिस्सकन हसला. म्हणाला, ‘इकडे कोणाला होमली म्हणू नकोस हं. होमली म्हणजे दिसायला कुरूप.’ बाबांचं हसू एकदम थांबलं. ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, ‘अरे देवा. मग हिच्या लग्नाच्या जाहिरातीत मी काय छापून आणलं होतं? होमली अँड वेल एज्युकेटेड.’ माझा नवरा स्वयंपाकघरातून ओरडला, ‘बाबा, म्हणजे तुम्ही मला आधीच सावध केलं होतं, मीच वाचलं नाही!’ त्या दिवशी आम्ही सगळे इतके हसलो की भावाचं कॉलिंग कार्ड संपून फोन कट झाला.

बाबांना इथे करमत होतं असं मी म्हणणार नाही. मिल्टन कीन्स हे गाडीवाल्यांचं गाव. चौकात उभं राहून चार माणसं भेटावीत असा चौकच नाही, नुसते राउंडअबाउट. बाबा लाल रंगाच्या पायवाटेने, म्हणजे रेडवेने, तळ्यापर्यंत चालत जायचे आणि भेटेल त्या कुत्रेवाल्याला ‘गुड मॉर्निंग, सर’ म्हणायचे. पण त्यांचा आठवडा खरा मोजला जायचा तो रविवारपासून रविवारपर्यंत. शनिवारपासूनच त्यांचं सुरू, ‘उद्या धाकट्याला हे सांगायचंय, मला आठवण कर हं.’ मी दिवसभर डोळ्यांसमोर, तर माझ्याशी बोलायला काही नसायचं. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? पण लेकाचा आवाज आला की त्यांचा चेहरा असा उजळायचा की रागावायचं तरी कुठे.

त्या वर्षी थंडीत त्यांना खोकला लागला, त्याचा न्यूमोनिया झाला आणि त्यांना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. दुसऱ्या दिवशी वॉर्डातली सिस्टर मला म्हणाली, ‘युअर डॅड्ज पुअरली, लव्ह.’

आता हा ‘पुअरली’ शब्द मी दिवसभर वापरणारी बाई. पोराला ताप आला, पोट दुखलं, मधल्या सुट्टीत उलटी झाली की आईला फोन करायचा, ‘शी इज अ बिट पुअरली, कॅन यू कम अँड गेट हर?’ माझ्या लेखी हा चिमुरड्यांचा शब्द. त्यामुळे माझ्या जिवात जीव आला. मी बाबांना म्हटलंसुद्धा, ‘काही नाही हो, पुअरली म्हणतायत, म्हणजे जरा बरं नाहीये.’ बाबा म्हणाले, ‘पुअर म्हणजे गरीब ना गं? मग बरोबर आहे.’

त्यानंतर डॉक्टरांनी मला बाजूच्या खोलीत बोलावलं. बारकी खोली. दोन मऊ खुर्च्या, आणि टेबलावर टिश्यूचा बॉक्स. डॉक्टर अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘ही इज व्हेरी पुअरली, आय अ‍ॅम अफ्रेड.’ फुप्फुसं साथ देत नाहीयेत, किडनीवर ताण आलाय. घरचं कोणी बाहेरगावी असेल तर बोलावून घेतलेलं बरं. तेव्हा मला कळलं की हॉस्पिटलमध्ये हा शब्द पोरांचा नसतो. इथले लोक मरणाची बातमीसुद्धा आवाज न चढवता देतात. शब्द तोच ठेवतात, फक्त तो म्हणताना तुमच्या हातावर हात ठेवतात. फोनवर तो हात दिसत नाही.

मी गाडीत बसूनच भावाला फोन केला. ‘बाबांचं काही खरं नाही रे. निघ. आजच निघ.’

‘डॉक्टर एक्झॅक्टली काय म्हणाले?’

‘व्हेरी पुअरली म्हणाले.’

‘पुअरली?’ तो म्हणाला. ‘हे काय डायग्नोसिस आहे? क्रिटिकल म्हणाले का? आयसीयूत हलवलं का?’

आयसीयूत हलवलं नव्हतं. बाबांच्या अंगात तिथले उपचार सोसायची ताकद राहिली नाही असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. हे मी त्याला सांगितलं, पण मी रडत होते आणि त्याला तेवढंच ऐकू गेलं. तो म्हणाला, ‘ताई, तू आधी रडणं थांबव. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनलासुद्धा तू असंच सगळ्यांना गोळा केलं होतंस.’ ते खरं होतं. तरी त्याने गुरुवारचं तिकीट काढलं. हे मी त्याच्या बाजूने मुद्दाम सांगते. काढलं होतं त्याने तिकीट.

मी बाबांना सांगितलं, गुरुवारी निघतोय, शुक्रवारी सकाळी इथे. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, पण डोळे हसले. मग दर थोड्या वेळाने, ‘आज वार कोणता?’

बुधवारी सकाळी भावाने स्वतःच वॉर्डाला फोन लावला. माझ्यामार्फत कळलेलं त्याला पुरत नव्हतं, त्याला थेट माहिती हवी होती. पहिल्या वेळी ऑपरेटर म्हणाली, ‘यू आर थ्रू,’ म्हणजे जोडून दिलंय. त्याच्याकडे थ्रू म्हणजे संपलं. त्याने फोन ठेवून दिला आणि तणतणत पुन्हा लावला. दुसऱ्यांदा एक नर्स आली. तिने त्याला सांगितलं, ‘ही हॅड क्वाइट अ गुड नाइट.’

मी शाळेत होते. माझा मोबाइल वाजला, आणि त्याचा आवाज इतका मोकळा होता की मला क्षणभर तो लहानपणीचा वाटला. ‘ताई, अगं तू मला उगाच मारलंस! छान झोपले बाबा रात्री. नर्स स्वतः म्हणाली, क्वाइट अ गुड नाइट!’

मी हातातलं पेन खाली ठेवलं. कारण तिने काय सांगितलं ते मला कळलं आणि त्याने काय ऐकलं तेही कळलं. अमेरिकेत क्वाइट गुड म्हणजे खूपच चांगलं. इथे क्वाइट गुड म्हणजे त्यातल्या त्यात बरं. शाळेच्या प्रगतिपुस्तकात आमच्या बाई ‘क्वाइट गुड’ लिहितात तेव्हा पालकांनी काळजी करायची असते. रात्र त्यातल्या त्यात बरी गेली, म्हणजे गेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

‘अरे, ते तसं नाहीये,’ मी म्हटलं. ‘इकडे क्वाइट म्हणजे थोडंसं. तिला म्हणायचं होतं की…’

‘झालं तुझं सुरू!’ तो हसला. खरंच हसला, रविवारी हसायचा तसा. ‘ताई, बाबा बरे होतायत आणि तुला अजून ब्रिटिश इंग्लिश जिंकायचंय?’

मी ओरडले. स्टाफरूममधल्या बायका वळून बघायला लागल्या. मी मराठीत ओरडत होते, ‘मूर्खा, बाप जातोय तुझा, ये!’ तो म्हणाला, असं अभद्र बोलू नकोस. मग समजूत घातल्यासारखं म्हणाला, शुक्रवारी आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, माझ्यावाचून अडतंय. बाबा बरे आहेत तर ते उरकून शनिवारी निघतो, रविवारी सकाळी पोचतो, मग पंधरा दिवस राहीन, घाईघाईत यायला नको. पंधरा दिवस. ‘टू वीक्स’ म्हणाला तो. मी आणखी दोनदा फोन केला, नवऱ्याने एकदा केला. त्याने नवऱ्यालाही तेच सांगितलं, की भाऊजी, मी स्वतः बोललोय.

बाबांना मी कसं सांगितलं ते आता आठवत नाही. शुक्रवारी सकाळपासून ते दाराकडे बघत होते एवढं आठवतं.

ते शनिवारी दुपारी गेले. मी होते, आणि ती बुधवारची नर्स होती. सहज गेले नाहीत. श्वास पुरत नव्हता, मास्क काढून टाकायला बघत होते, पलंगाच्या कठड्यावर मूठ आपटत होते. मला वाटलं काही मागतायत, म्हणून मी कान जवळ नेला. ‘गाडी लेट आहे का गं?’ म्हणाले. भाऊ मुंबईत कॉलेजला होता तेव्हा बाबा पुणे स्टेशनवर त्याला आणायला जायचे. मी म्हटलं, ‘हो बाबा, लेट आहे, पण येतेय.’ त्यावर त्यांनी मान हलवली ती नाही म्हणून. शेवटपर्यंत त्यांचे डोळे फिरत होते, आणि माझ्यावर येऊन थांबत नव्हते. हे मला आजही सोसत नाही.

तिकडे तेव्हा सकाळ होती, भाऊ संध्याकाळच्या विमानासाठी बॅग भरत होता. नवऱ्याने त्याला फोनवर सांगितलं.

हीथ्रोवरून त्याला आणलं तेव्हा नवरा गाडी चालवत होता, मी पुढे आणि तो मागच्या सीटवर. तो एकदम उसळला. ‘तू नीट सांगायला हवं होतंस, ताई. स्पष्ट.’ माझा तोल गेला. ‘स्पष्ट? मी मराठीत सांगितलं होतं तुला! आपल्या भाषेत, बाप जातोय म्हणून! त्याहून स्पष्ट काय असतं? बहिणीच्या मराठीवर विश्वास नाही आणि त्या नर्सच्या इंग्लिशवर आहे!’ तो सीटवर वाकला आणि ढसाढसा रडायला लागला. रडताना तेच तेच म्हणत होता, ‘क्वाइट गुड म्हणाली गं ती. क्वाइट गुड म्हणाली.’ मी मागे हात करून त्याचं डोकं धरलं. मला त्याला बडवावंसंही वाटत होतं.

सोमवारी बाबांच्या वस्तू आणायला आम्ही दोघं वॉर्डात गेलो. वाटेत तो म्हणाला, ‘मला त्या नर्सला भेटायचंय.’ त्याचा सूर ऐकून मला धास्ती वाटली. तिचा काय दोष? ती तिच्या भाषेत खरंच बोलली होती. पण हे त्याला सांगून उपयोग नव्हता.

तीच ड्यूटीवर होती. लहानखुरी मुलगी, जेमतेम पंचविशीची. तिने स्वेटर, चष्मा, कवळी आणि चपला ठेवलेली पिशवी दोन्ही हातांनी धरून आणली, आणि ती माझ्याकडे न देता त्याच्याकडे दिली. ‘यू मस्ट बी द सन,’ ती म्हणाली. ‘आय अ‍ॅम सो सॉरी.’ त्याने तोंड उघडलं होतं, काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात ती म्हणाली, ‘ही वॉज क्वाइट पीसफुल, अ‍ॅट दि एंड.’

पिशवी छातीशी धरून भाऊ तिच्याकडे बघत राहिला, तिच्या तोंडावर अर्थ लिहिलेला असावा तसा. मग त्याने माझ्याकडे मान वळवली आणि मराठीत, अगदी हळू विचारलं, ‘ताई, हे क्वाइट तुमचं की आमचं?’

नर्सला मराठी येत नव्हती, तरी तिने माझ्याकडे बघितलं. शनिवारी दुपारी त्या खोलीत आम्ही दोघीच होतो.

‘तुमचं रे, राजा,’ मी म्हटलं. ‘तुमच्या अमेरिकेतलं. अगदी शांत गेले बाबा.’

त्याने डोळे मिटले आणि मान डोलावली. या वेळी त्याने माझ्यावर विश्वास ठेवला.