बुधवारचा वर्ग आणि माझे बूट

विद्याताई गेल्याचं कळलं तेव्हा मी वर्गाला निघालो होतो. बुटाची एक नाडी बांधून झाली होती, दुसरी हातात होती. सूनबाईचा तोयोसूच्या ऑफिसातून फोन आला. "बाबा, विद्याकाकू गेल्या. पहाटे, झोपेतच..." मग थोडं थांबून म्हणाली, "तुमच्या वर्गात मदतीला यायच्या ना त्या? सेन्सेईंना तुम्हीच सांगा. जपानीत नीट सांगाल ना?" मी म्हणालो, "सांगतो की." आणि खाली बसलो. कारण मला जपानी येत नव्हतं. दोन वर्षं, इथं असेन तेव्हा दर बुधवारी मी जपानी शिकायला जातो असं घरात सगळे धरून चालले होते, आणि मी जात होतो फ्रेंचच्या वर्गाला. हे फक्त विद्याताईंना ठाऊक होतं. वर्गात जाऊन मी शिकवणाऱ्या मोरी-सेन्सेईंना विद्याताईंची रिकामी खुर्ची दाखवली आणि मान हलवली. दुसरं काही जमलं नाही. बाईंनी तोंडावर हात धरला. मला विद्याताईंचं दुःख होतंच, पण त्याहून आधी लाज वाटली. माणूस गेलं हे सांगायला एक धड वाक्य आपल्याकडे कुठल्याच भाषेत नाही, याची.

मला लिहायची सवय नाही. चौथीत शाळा सुटली, पुढे सगळा जन्म कोल्हापूरकडे फौंड्रीत, लोखंडाच्या ओतकामाचे साचे भरण्यात गेला. मुलगा संदीप जपानात, निशी-कसाईत नोकरीला, म्हणून वर्षातले काही महिने मी इथं असतो. त्यानंच पालिकेच्या केंद्रातल्या जपानीच्या वर्गात नाव घातलं. "बाबा, फुकट आहे. दहा वाजता, दुसरा मजला. निदान दुकानात बोलता येईल." दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन खोल्या. दारावर काय लिहिलंय ते वाचता येईना आणि विचारणं माझ्या स्वभावात नाही. एका खोलीत सगळी जपानी म्हातारी माणसं बसलेली दिसली, पांढऱ्या केसांची, वही-पेन्सिल घेऊन. मी तिथं जाऊन बसलो. जपानी माणसं जपानी कशाला शिकतील, हे डोक्यात आलं नाही असं नाही. पण मला आमच्या गावचा प्रौढ शिक्षणाचा वर्ग आठवला. वाटलं, यांचीही शाळा पोटापायी सुटली असणार, आता म्हातारपणी अक्षरं गिरवतायत. खरं सांगतो, त्या देशात पहिल्यांदा मला आपल्या माणसांत बसल्यासारखं वाटलं.

शेजारी टिकली लावलेल्या, राखाडी स्वेटरातल्या एक बाई होत्या. हळूच म्हणाल्या, "मराठी का? भाऊ, हा फ्रेंचचा वर्ग आहे. जपानी समोरच्या खोलीत." आता उठून समोर जायचं म्हणजे एवढ्या लोकांदेखत चुकलो म्हणायचं. मी म्हणालो, "माहितीये मला. फ्रेंचच शिकायचंय." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाल्या, "बरं. मग वही उघडा." त्या विद्याताई. आमच्याच वसाहतीत शेजारच्या इमारतीत राहायच्या. नवऱ्याच्या नोकरीमागं तरुणपणी आल्या, इथंच दुभाष्याचं काम करत राहिल्या, नवरा गेल्यावरही परत गेल्या नाहीत.

पुढच्या खेपेला मी त्यांना विचारलं, "ही सगळी माझ्यासारखी कमी शिकलेली का हो?" त्या हसल्या नाहीत. एकेकाकडे बघून सांगत गेल्या, हे दाताचे डॉक्टर होते, या कॉलेजात शिकवत होत्या, ते बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. निवृत्त झाले, हौस म्हणून शिकतात. माझे कान तापले. ज्यांना मी आपल्या पंगतीचं समजून मनातल्या मनात धीर देत होतो, ती माणसं ही! त्या दिवशी वर्ग सोडायचा ठरवून उठलो. दाराशी आलो तर माझे बूट दाराकडे तोंड करून नीट जोडून ठेवलेले. मी ते आत शिरताना कसेही भिरकावले होते. विद्याताई आपले बूट घालत होत्या. म्हणाल्या, "इथं असे फिरवून ठेवतात, भाऊ. निघताना पाय थेट आत जातो." माझ्या बुटाला एका शिकलेल्या बाईनं हात लावला म्हटल्यावर मला धरणी दुभंगावी असं झालं. आमच्याकडे दुसऱ्याच्या पायताणाला हात लावणं म्हणजे काय, हे सांगायला नको. "तुम्ही कशाला?" असं मी जवळजवळ ओरडलोच. त्या म्हणाल्या, "मग पुढच्या बुधवारी तुम्ही फिरवा." हे उपकार फेडल्याशिवाय सोडून कसा देणार? पुढच्या बुधवारी गेलो. आणि घाईत पुन्हा विसरलो. त्यांनी पुन्हा फिरवले. आणि पुढं दर बुधवारी तसंच होत गेलं.

वर्गात त्या वेळी फ्रेंचमधला एक भूतकाळ चालू होता. आपण करायचो, जायचो, असायचो म्हणतो ना, तो. मोरी-सेन्सेई जपानीत समजावायच्या, विद्याताई माझ्या कानाशी मराठीत. "आम्ही"चं रूप घ्यायचं, त्याची शेपटी छाटायची आणि प्रत्येकाला तीच ठरलेली टोकं जोडायची. फक्त एक 'असणे' तेवढं ऐकत नाही. हे मला पटलं. साचा एक, धातू वेगळा. पण पटणं वेगळं आणि जिभेवर येणं वेगळं. एके दिवशी बाईंनी सगळ्यांना लहानपणीचं वाक्य विचारलं. पुस्तकात पहिलंच होतं, "झाले आ लेकोल", मी शाळेत जायचो. डॉक्टर म्हणाले, बँकवाले म्हणाले, ओळीनं सगळे म्हणाले. माझी पाळी आली. बाई हसून म्हणाल्या, "जादव-सान?" जाधवचं त्या जादव करायच्या. मला वाक्य येत होतं. पण माझ्या बाबतीत ते चौथीपुरतंच खरं होतं आणि ते एवढ्या शिकलेल्यांत तोंडानं म्हणायला मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. मी खाली बघत बसलो. विद्याताईंनी टेबलावर पेन्सिल ठेवली आणि समोर बघतच पुटपुटल्या, "झ त्रावाये. मी काम करायचो." मी तेच म्हणालो. बाई म्हणाल्या, फार छान. परतताना वाटेत विद्याताई म्हणाल्या, "जाधवभाऊ, डोक्यातली भट्टी अजून धगधगतीय का विझली?" त्यांनी कोपऱ्यावरच्या कोनबिनीतून, रात्रंदिवस उघड्या दुकानातून, दोन कॉफ्या घेतल्या, एक माझ्या हातात दिली.

घरी मात्र माझा मोठा दिमाख होता. नातू जपानीत काही विचारायचा, मी "हाय, हाय" असं जपानी हो-हो म्हणून मान डोलवायचो. कचऱ्याची नवी सूचना लागली की सूनबाई म्हणायची, "बाबा वाचतील की." मग मी जिना उतरून विद्याताईंकडे. "उद्या बाटल्या, परवा प्लॅस्टिक. जा आता, आणि जरा जड चेहऱ्यानं सांगा, म्हणजे वाचल्यासारखं वाटेल." त्यांना चेष्टा करता यायची, पण ती त्यांच्या दाराबाहेर कधी गेली नाही. एकदा मी विचारलं, तुम्हाला या वयात फ्रेंच कशाला? म्हणाल्या, "माझी लेक केतकी तिकडे फ्रान्सात. माझ्या नातीला, मीराला, मराठी येत नाही. ये, खा, झोप एवढं मी तिच्याशी बोलू शकते. पण आमच्याकडे असं असायचं, आम्ही असं करायचो... हे सांगता येत नाही. आजीनं तेच सांगायचं असतं ना, भाऊ?" तेव्हा मी मान डोलवली. मनात म्हटलं, आपण इथं नाक वर ठेवायला बसलोय आणि या बाई नातीसाठी.

विद्याताई गेल्यावर त्यांच्या घरी सगळे जमलो तो दिवस. केतकी मुलीला घेऊन आलेली. दाराच्या आत पायताणांचा ढीग पडलेला, मराठी माणसं आपल्या सवयीनं आलेली. संदीप आणि सूनबाई पुढं गेले. माझं पाऊल पुढं पडेना. मी खाली बसलो आणि एकेक जोड दाराकडे फिरवून लावायला लागलो. आयुष्यात कुणाच्या चपलेला हात लावला नव्हता. संदीप मागं आला. "बाबा, उठा. काय करताय? लोक बघतायत." मी लावत राहिलो. तेवढ्यात ती पोर, मीरा, येऊन माझ्यासमोर उकिडवी बसली. सात-आठ वर्षांची असेल. तिनं आईकडे वळून फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं आणि ते मला कळलं... हे काय करतायत? केतकी कुणाशी तरी बोलत होती. पोरीचे डोळे माझ्यावर. मागं मुलगा उभा, पलीकडे सून. तोंड उघडलं तर दोन वर्षांचं नाटक तिथंच उघडं पडणार होतं. मी एक चप्पल हातात धरून बसलो. मग म्हणालो, "ता ग्राँ-मेर... फझे सा. तुझूर." तुझी आजी असं करायची. नेहमी.

पोर म्हणाली, "पुर्क्वा?" का? तो शब्द मला येतो, त्याचं उत्तर येत नाही. मी तिचे छोटे बूट उचलले, दाराकडे तोंड करून ठेवले, आणि बोटांनी पाय आत जाताना दाखवला. ती हसली आणि माझ्याबरोबर लावायला लागली.

"बाबा, हे जपानी नाही," संदीप म्हणाला.

"नाही."

"मग?"

"फ्रेंच."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

सूनबाईनं पदर तोंडाला लावला. ती हसली का रडली ते मी पाहिलं नाही. माझी मान वर झाली नाही. केतकी जवळ आली. म्हणाली, "म्हणजे ते तुम्ही! आई फोनवर सांगायची, वर्गात एक भाऊ आहेत, फार हट्टी, माझ्या शेजारी बसतात. मी कितीदा नाव विचारलं. म्हणायची, नाव काय करायचंय तुला." पोटच्या पोरीलाही त्यांनी माझं नाव सांगितलं नव्हतं. लोकांदेखत उघडं पडल्याची लाज मी गिळली असती. ही गिळता येईना. मी ज्याला माझी हुशारी समजत होतो, ते सगळं त्या बाईनं झाकून धरलेलं होतं.

संदीप म्हणतो, आता तरी समोरच्या खोलीत जा. मी गेलो नाही. परवाच्या बुधवारी त्याच खोलीत बसलो. विद्याताईंच्या खुर्चीवर मोरी-सेन्सेईंनी कुणाला बसवलं नाही. माझ्या कानाशी कुणी बोलत नव्हतं, त्यामुळं निम्मं डोक्यावरून गेलं. वर्ग सुटल्यावर दाराशी आलो. माझे बूट जसे सकाळी काढले तसेच पडले होते. एक भिंतीकडे, एक आडवा. डॉक्टर वाकून नमस्कार करून पुढं गेले, बँकवाले गेले. आणि मी, लिहायलाही लाज वाटते, थोडा वेळ तसाच उभा राहिलो... कुणीतरी फिरवेल म्हणून.

मग वाकलो.