चार तारांची आत्या

अख्ख्या बंगळुरात जॅझ कळणारी माणसं दोनच, असं माझ्या आत्याचं ठाम मत होतं. एक ती स्वतः. दुसऱ्याचं नाव विचारलं की "तुला गं काय करायचंय?" म्हणून ती विषय बदलायची. चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीत निम्मी घरं कन्नड आणि उरलेली आमच्यासारखी, घरात मराठी नि दारात कन्नड बोलणारी. सगळे तिला अक्का म्हणायचे आणि सगळेच तिला जरा वचकून असायचे. घट्ट अंबाडा, इस्त्रीची पाचवारी, टेलिफोन एक्स्चेंजच्या ड्यूटीचे काळे बूट आणि काखेत युकुलेली. ज्यांनी हे वाद्य पाहिलं नसेल त्यांनी त्याला गिटारचं शेंडेफळ समजावं. चार तारा, हातभर लांबी, आणि वजन आईच्या पोळपाटाहूनही कमी. एक्स्चेंजमधली तिची एक मैत्रीण कायमची ऑस्ट्रेलियाला निघाली, तेव्हा "ट्रंकेत मावत नाही, तूच ठेव" म्हणून ते आत्याच्या हातात देऊन गेली. दुसरी एखादी बाई ते कपाटावर ठेवून विसरली असती. आत्याने महिनाभरात बोटांना घट्टे पाडून घेतले.

बरं, चार सोपी गाणी वाजवून गप्प बसावं, तर तेही नाही. तिला जॅझच हवा होता. दंडूत, म्हणजे कॅन्टोन्मेंटात, एका क्लबमध्ये रविवारी दुपारी चहाच्या वेळेला नाचाचा बँड वाजायचा. आत्या सरळ तिथेच जाऊन उभी राहिली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, डोक्याला हात लावला आणि अट घातली, "जायचं तर हिला बरोबर ने." ही म्हणजे मी. तेव्हा मी कॉलेजात होते आणि आत्यावर लक्ष ठेवणं हे माझं काम होतं. क्लबच्या केकमध्ये अंडं असतं हे घरी सांगायचं नाही, या बोलीवर मी पहिल्याच रविवारी आत्याच्या पक्षात गेले.

बँडमास्तर मूळचे गोव्याचे, पण वाढले बेळगावच्या कॅम्पात, त्यामुळे मराठी फर्डी आणि बेळगावी. स्वतः डबल बास, म्हणजे खर्जात बोलणारं व्हायोलिनचं थोरलं भावंड, वाजवायचे. त्यांच्याहून उंच असलेलं ते वाद्य ते असं कवेत धरायचे की लांबून कोण कोणाला सावरतंय ते कळू नये. आत्याची युकुलेली पाहून ते म्हणाले, "काय हो बाई, कुणाच्या पोराचं खेळणं उचलून आणलासा?" आत्या म्हणाली, "वाजवून दाखवते. नाही आवडलं तर पोराला परत करते." तिने वाजवलं. मास्तरांनी डोकं खाजवलं आणि तिला मागच्या रांगेत, ताल धरायला, एक खुर्ची दिली.

ती खुर्ची तिला मिळाली, पण पाळी काही मिळेना. जॅझमध्ये प्रत्येकाला आळीपाळीने एकट्याने वाजवायला मिळतं, बाकीचे तेवढा वेळ हळू साथ करतात. ट्रंपेटला पाळी मिळायची, सॅक्सोफोनला मिळायची, ड्रमवाल्याला तर घामाघूम होईस्तोवर मिळायची. आत्याचंच तेवढं घोडं अडलेलं. दर रविवारी ती विचारायची, "मास्तर, माझी पाळी?" आणि मास्तर म्हणायचे, "स्वल्प थांबा की बाई." हे स्वल्प किती वर्षं चाललं, देवाला ठाऊक. घरी मात्र ती रोज संध्याकाळी गच्चीवर बसून त्या न मिळालेल्या पाळीची तयारी करायची. मी एकदा वैतागून म्हटलं, "कशाला गं जिवाला लावून घेतेस?" तर म्हणाली, "आयुष्यात मला एवढंच पाहिजे. मागितलंय का दुसरं काही?"

एक गोष्ट मात्र मास्तरांनी तिला मनापासून शिकवली. तारा चार आणि जॅझमध्ये एकदम वाजवायचे सूर पाच, एकाला गाळावंच लागतं. "सगळ्यांत खालचा, पायाचा सूर तुम्ही सोडा," मास्तर म्हणाले. "मी हाय न्हवं खाली? तुम्ही आपलं वरचं बघा." हा धडा आत्याने एवढा मनावर घेतला की सगळ्या संसाराला लावून टाकला. आईने भात लावायला सांगितला की म्हणायची, "वैनी, भात म्हणजे पायाचा सूर, तो तुझा. मी वरचं लिंबू पिळते." आई म्हणायची, "बरीच की गं शहाणी!" पण हसायचीही. आयुधपूजेला अण्णांची सायकल आणि आईची विळी यांच्या मधोमध आत्या युकुलेली मांडायची. पुढच्या रविवारी कुंकू नि शेवंतीच्या माळा घेऊन क्लबवर जायची आणि सगळ्या बँडच्या वाद्यांची पूजा करायची. मास्तर आधी छातीवर क्रूस काढायचे आणि मग बास पुढे करायचे. सगळ्यांत मोठी माळ बासला असायची, हे माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं.

साठ साल उलटलं आणि बँडला गळती लागली. ट्रंपेटवाला मेलबर्नला गेला, पियानोवाला पर्थला, सॅक्सोफोनवाला इंग्लंडला. जो जाईल त्याचं काम मास्तर आत्याच्या गळ्यात घालायचे. "आज ट्रंपेट बी तुम्हीच बघा." ती बिचारी चार तारांवर सगळ्यांचं बघायची, एकटीची पाळी मात्र तेव्हाही नाहीच. शेवटी लंडनच्या भावाने मास्तरांनाच बोलावून घेतलं. बासवर खोळ चढवता चढवता त्यांनी ते आत्याला सांगितलं. आत्या सुरात लागलेल्या तारा पुन्हा पिळत बसली. मग म्हणाली, "आणि माझी पाळी?"

"पुढचा रविवार माझा शेवटचा," मास्तर म्हणाले. "अख्खा तुमचा."

त्या रविवारी बँडमध्ये तिघंच उरले होते, ड्रम, बास आणि आत्या. मास्तरांनी हात वर करून नाचणाऱ्यांना थांबवलं आणि आत्याची खुर्ची स्वतः उचलून पुढे मांडली. सुरुवातीला तो आवाज अगदी एवढासा वाटला. अगं बाई, हे पोचणार कसं! मग गप्पा थांबल्या, चहाचे ट्रे घेतलेले बेअरर जागच्या जागी उभे राहिले. आत्या वर एक संथ चाल वाजवत होती, तिच्याखाली तीन तीन सूर एकदम बोलत होते, आणि सगळ्यांच्या खाली बासवर मास्तर, डोळे मिटून. मला जॅझमधलं ओ की ठो कळत नाही, पण मी हातात केक धरून रडले. माझ्या आत्याचा त्या माणसावर जीव होता, हे मला तेव्हा कळलं. त्यांना कळलं होतं की नाही, मी सांगू शकत नाही.

वाजवणं संपल्यावर मास्तर तिच्यासमोर उभे राहिले. "बाई, ह्याला खेळणं म्हणालो ते मागं घेतो."

"उशीर केलात हो मास्तर," आत्या म्हणाली, आणि युकुलेली पिशवीत घातली.

त्यानंतर ती कुठल्याच बँडमध्ये गेली नाही. संध्याकाळी गच्चीवर बसून वाजवायची. ऐकून ऐकून माझाही कान थोडा तयार झाला होता, आणि तिचं वाजवणं मला खालून पोकळ वाटायला लागलं होतं. एकदा न राहवून मी म्हटलं, "आत्या, आता तरी पायाचा सूर घे की. खाली कोण आहे वाजवायला?"

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. रागावेल असं वाटलं, पण रागावली नाही. "तो मास्तरांचा आहे," म्हणाली. "मी घेतला की ते गेलेच म्हणायचे."

मग खाली स्वयंपाकघराकडे तोंड करून तिने हाक मारली, "वैनी, भात झाला का गं?" आणि पुन्हा तारांवर बोटं ठेवली.