मॅडमचा नेम

बीपी उतरत चाललं होतं आणि बाळाचे ठोके अजून ऐकू येत होते.

पोरगी बबीनाच्या लष्करी छावणीतल्या एका फौजीची बायको, वैशाली. मूळची साताऱ्याकडची. साडेचार महिन्यांतच पाणी गेलं, म्हणजे बाळाभोवतीची पिशवी फुटली, आणि आत इन्फेक्शन झालं. बाळ वाचणार नव्हतं. गर्भाशय रिकामं केलं नाही तर तीही वाचणार नव्हती.

मी दतिया गेटजवळच्या नर्सिंग होममध्ये आया आहे. आमच्या मॅडम जैन. मुंगीसुद्धा बघून ओलांडतात. अबॉर्शन करत नाहीत, तो त्यांचा नेम. कुणी आलं तर उपदेश करत नाहीत, जिथे होतं तिथे स्वतः फोन करून पाठवतात. वैशालीसाठीही ॲम्ब्युलन्स बोलावली होती. गाडी दारात आली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "रास्ते में चली जाएगी, काकी।"

"तो फिर?"

त्यांनी घरच्यांना फोन लावायला सांगितलं.

नवरा ड्यूटीवर, त्याचा फोन लागेना. सासूचा गावी लागला. "ठोके हायेत न्हवं? मग हात लावायचा न्हाई. पाप हाय त्ये."

कायदा माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईलाही कळेल इतका साधा आहे. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. सासूची लागत नाही, नवऱ्याचीही नाही. पण तापात वैशालीची हिंदी गेली होती, आणि मराठी बोलणारी तिथे मीच. मॅडम म्हणाल्या, "आप पूछिए। अपनी तरफ़ से कुछ मत जोड़ना।"

"मैं कब जोड़ती हूँ?"

"रोज़।"

मी होतं तेवढंच सांगितलं. वैशाली म्हणाली, "मावशी, त्याचे ठोके चालू हायेत?"

"चालू आहेत."

"मग?"

"तू गेलीस तर थांबतील. तू राहिलीस तरी थांबतील."

तिनं डोळे मिटले. "त्याला दुखंल का?"

मॅडमना विचारलं. त्यांनी मान हलवली, नाही.

"मग करा. सासूबाईंना मी सांगीन."

हात धुताना मॅडमनी त्यांचा णमोकार मंत्र म्हटला. एरवी मी टोमणा मारला असता. त्या दिवशी नुसत्या मागून गाऊनच्या नाड्या बांधल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास धरला. मी म्हटलं, "आपने ग़लत नहीं किया।"

"ग़लत नहीं किया, काकी। पर हुआ तो मेरे हाथ से।"

मी त्यांच्या उपवासाला चालतं ते उकळलेलं पाणी नेऊन दिलं. त्यांचा नेम अजून तोच आहे.

मी शिकले ते एवढंच. पापपुण्याचं आधी पलंगावर पडलेलीला विचारावं. फोनवरच्यांना वेळ असतो.

वैशाली वाचली. बाळ नाही.