असीरगडावरच्या दिव्याचं तेल

बऱ्हाणपूर पाहायला येणाऱ्या तमाम पाहुण्यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, असीरगडावर अश्वत्थामा मला भेटला होता, ही मी वर्षानुवर्षं सांगितलेली हकीकत साफ खोटी होती. कपाळावरच्या भळभळत्या जखमेसाठी तेल मागत तो या गडावर अजून फिरतो, असं आमच्याकडे मानतात. शाही किल्ल्यातला हमामखाना आणि जमिनीखालून पाणी आणणारा कुंडी भंडारा दाखवून झाला, की मी गडावर जाऊन उपरणं कपाळाला गुंडाळायचो आणि कण्हत पाहुण्यांपुढे तेल मागायचो. बायका किंचाळायच्या. माझा स्वतःचा विश्वास मात्र कशावरच नव्हता.

राज्यांची नवी वाटणी झाली त्या हिवाळ्यात जळगावहून आत्या आली. "तुम्ही राहिलात मध्य प्रदेशात, आम्ही मुंबई राज्यात. महादेवाला काही कुणी वाटून घेतलं नाही ना?" म्हणाली. तिचा मुलगा विषमज्वरातून उठला होता. घरच्या तिळाच्या तेलाचा दिवा असीरगडच्या महादेवापुढे लावीन, असा तिचा नवस होता. तिची छाती अधू. नवस न फेडता मरायचं नाही, एवढाच तिला घोर. हमामखान्यात तर ती शिरलीच नाही. "दुसऱ्याच्या न्हाणीघरात मी काय पाहू?"

गडाच्या अर्ध्या चढावर ती मटकन बसली. ओठ काळेनिळे पडले. तिला वर नेता येईना, खाली आणता येईना. कधी हात न जोडणारा मी मनात म्हणालो, आता तूच बघ. थोड्या वेळानं वरून एक उंच माणूस उतरत आला. कपाळाला फडकं, त्यावर रक्त. काही न विचारता त्यानं आत्याला पाठीवर घेतलं, ते थेट देवळाच्या पायरीवर टेकवलं. मग म्हणाला, "माय, डोक्याले लावाले थोडं तेल भेटंल का?"

माझ्या सोंगातलंच वाक्य! आणि मी काय म्हणालो? "हे देवाचं आहे, बाबा." आत्यानं माझ्या हातातली तेलाची बाटली हिसकावली आणि सगळं तेल त्याच्या ओंजळीत ओतलं. तो निघून गेला.

रिकाम्या बाटलीत तिनं वात फिरवली. "लागेल तेवढा लागेल," म्हणत ती पणतीत ठेवली आणि काडी ओढली. तिची जपमाळ पुरी होईपर्यंत तो दिवा जळत होता.

तो कोण होता, मला माहीत नाही. मोळीवाला असेल, फांदी लागली असेल. पण मी तेल राखत बसलो, आणि जिचा जीव त्या तेलात अडकला होता तिनं ते सोडून दिलं. देवावर सोपवणं म्हणजे काय, ते मी त्या ओंजळीत पाहिलं. आत्या पुढे बरीच वर्षं जगली. त्यासाठी मी अजून हात जोडतो.

त्या दिवशी माझ्या खांद्याला धरून ती सावकाश गड उतरली. परतीच्या मोटारीत मी उपरण्यानं डोळे टिपत हे सगळं तिला भक्तिभावानं ऐकवत होतो. तिची नजर उपरण्यावर गेली आणि भरल्या मोटारीत ती ओरडली, "अरे मेल्या, अश्वत्थामा असो नाहीतर मोळीवाला, त्याच्या डोक्याला बांधायला हे तरी द्यायचं होतंस!"