कालच्या डोळ्यांचा नमुना

"जॉन्डिस," डॉक्टर म्हणाले. म्हणजे कावीळ. अमरावतीच्या दवाखान्यात त्यांनी माझ्या बायकोची, सुमनची, खालची पापणी ओढली आणि मला विचारलं, "इतके दिवस तुम्हाला दिसलं नाही?"

अकोल्यात मी कापसाची प्रत ठरवायचो. पावसात सापडलेल्या कापसाचा पिवळसरपणा हातभर अंतरावरून ओळखायचो. सुमनला पंधरा दिवस ओकाऱ्या होत होत्या, त्या मी उन्हाळा म्हणून उडवून लावल्या. तिचे डोळे हळदीसारखे झालेले परक्या माणसानं दाखवावे लागले. स्वतःचा असा संताप मला कधी आला नव्हता.

बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला पित्ताचा पिवळा रंग, फार वाढलं होतं. तीन आठवड्यांत ते उतरलं नाही तर पोट उघडावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. रक्ताची तपासणी आठवड्यातून एकदाच. मधले दिवस तुम्हीच डोळे बघत राहा, म्हणाले.

बघायचं कसं? सोमवारी कमी वाटे, मंगळवारी जास्त. कापसाशेजारी ठेवायला नमुना असतो. कालच्या डोळ्यांचा नमुना कुठून आणू? मी चिडचिड करायचो, ती भिंतीकडे तोंड करायची.

तिचा भाऊ वसंता तिथल्याच शाळेत चित्रकला शिकवायचा. त्यानं रंगांची पेटी आणली. रोज सकाळी डोळ्यांचा रंग कागदावर उतरवा, तोच तुमचा नमुना, म्हणाला. नर्सबाईंना विचारून आम्ही खाट उत्तरेच्या खिडकीशी सरकवली. कापूसही त्याच उजेडात पाहतात.

मी सरळ पांढरा रंग घेतला आणि त्यात पिवळा कालवला. वसंतानं कागद फाडून टाकला.

"भाऊजी, तुमी कापूस रंगवून राहिले. डोळा पाहा."

आठ दिवस मी कागद वाया घालवले. दोनदा ब्रश फेकला. मग कुठे दिसायला लागलं: कडेला गुलाबी, पापणीच्या सावलीत निळसर, मधे तो दळभद्री पिवळा. डाव्या डोळ्याखाली एक बारीक तीळही होता. तो कधीपासून आहे, हे विचारायची लाज वाटली.

सोळाव्या दिवशी पिवळ्यात पाणी जास्त घालावं लागलं. अठराव्या दिवशी आणखी. रक्ताचा रिपोर्ट मागाहून आला, तोही तेच सांगत होता. ऑपरेशन टळलं.

डॉक्टरांचे आणि वसंताचे उपकार आहेतच. स्वतःवरचा राग मात्र गेलेला नाही. तुमच्या घरी कावीळ असेल तर दिव्याच्या उजेडात डोळे पाहू नका, खिडकीशी पाहा. आणि कोणी आजारी पडायची वाट पाहू नका.

दवाखान्यातल्या शेवटच्या सकाळी पिवळ्याला ब्रश लावावाच लागला नाही. काम झालं होतं, तरी मी बघतच बसलो.

"बारा वर्सं झाले लग्नाले," सुमन म्हणाली. "आता पाहून राहिले मले."