खोकणाऱ्यांनी येऊ नये

चुनखडीची खाण बंद पडली तेव्हा मी आदिलाबादला मास्तरकीचं शिकत होते. तलमडुगुकडच्या आमच्या गावाजवळ सिमेंटच्या कारखान्यासाठी दगड काढत. बाबा तिथे दगडात भोकं पाडायच्या मशीनवर होते. त्याआधी ते दुसऱ्यांच्या शेतात राबायचे. खाणीमुळे घरात पहिल्यांदा महिन्याचा पगार आला आणि माझी शाळा सुटली नाही. म्हणून खाणीला कुणी वाईट बोललेलं त्यांना खपत नसे. छातीत घरघर सुरू झाली तरी नाही.

कारखाना तोट्यात आहे, सरकार तो विकणार, एवढंच गावाला कळलं. पंप थांबले, खड्ड्यात पाणी भरलं. मग एक दिवस ठेकेदार सांगत आला, की हैदराबादहून पैसेवाले लोक खाण पाहायला येणार, जुन्या कामगारांनी धुतलेले कपडे घालून रांगेत उभं राहायचं. जाता जाता म्हणाला, "खोकणाऱ्यायनं येऊ नये. भायेरचे लोक बिचकतात."

माय बाबांना म्हणाली, "आयकलं ना? तुमी घरीच राहा."

"मी काऊन घरी राहू? सारी उमर तिथं गेली माही."

"अन् खोकला आला तं?"

"दाबीन."

त्यांनी खरंच दाबला. मी सुट्टीवर आले होते, बायकांमध्ये उभी होते. पाहुणे जीपमधून उतरून पाण्याकडे बघत इंग्रजीत बोलत होते. मला तुटक तुटक कळलं: रेल्वे लांब, विजेचा भरवसा नाही, इथं पैसा घालणं जोखमीचं. बाबा ताठ उभे होते, मानेच्या शिरा फुगलेल्या, डोळ्यांतून पाणी. एक पाहुणा त्यांच्याकडे पाहून हसला. त्यांनी हात जोडले. जीपा वळल्या तसे ते मटकन खाली बसले आणि जी उबळ आली ती थांबेना. धोतरावर रक्त पडलं.

श्वास सापडल्यावर म्हणाले, "घेतील ते खाण. त्या सायबानं माह्याकडं पाह्यलं."

त्यांनी खाण घेतली नाही. लोखंड घेतलं. दगड फोडायची यंत्रं, पट्टे, छपराचे पत्रे सगळं कापलं आणि ट्रकांत भरून इचोड्याच्या रस्त्याने नेलं. कापायला गावातलेच लोक लावले होते. बाबांनाही बोलावणं आलं. ते गेले नाहीत.

मी त्यांना आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांना खाणीच्या धुळीचं सांगितलं. "खान तो कब की बंद है," ते म्हणाले आणि टीबीच्या गोळ्या दिल्या. बाबांनी त्या न चुकता घेतल्या. उन्हाळा लागला तोवर त्यांना आडवं होता येईना. दिवसरात्र भिंतीला टेकून बसायचे. मी बोथच्या शाळेत रुजू झाले त्याच आठवड्यात ते गेले.

पाणी उपसलं की खाण सुरू होईल, असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. माय त्यांची पाठ चोळत बसायची आणि "हो, होईल" म्हणायची.